सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब: सुरक्षा-प्रबोधनासाठी भागीदार संस्था कशा शोधायच्या?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. एका छोट्या स्थानिक संस्थेसाठी विचारतो आहे. पगारी माणसं ६, स्वयंसेवक ३० च्या आसपास, काम मुख्यतः शाळा आणि शेतकरी गटांचं. ज्या १२ गावांत काम चालतं तिथली लढाई थांबून काही वर्षं झाली, पण नांगरताना, गुरं चारताना, भंगार वेचताना लोकांना अजून वस्तू सापडतात. सुरुंग काढण्याचं कौशल्य संस्थेकडे नाही आणि त्या कामात पडायचंही नाही. फक्त प्रबोधन करायचं आहे: काय टाळायचं, काही दिसलं तर काय करायचं, कुणाला सांगायचं.

१. आधी कुणाकडे जायचं? मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना थेट मेल टाकले तर उत्तर येत नाही.
२. प्रपोजलमध्ये काय असलं की ते नीट वाचलं जातं?
३. भागीदार मिळेपर्यंत काय सुरू करता येईल आणि कशाला अजिबात हात घालू नये?

---

तिठा

उत्तर येत नाही, कारण मेल चुकीच्या टेबलावर जातो. मुख्यालयात बसलेल्या माणसाला तुमचा जिल्हा नकाशावर शोधावा लागतो. सुरुवात देशातूनच करा, आणि पैशाच्या आधी परवानगीचं बघा.

पहिला दरवाजा राष्ट्रीय प्राधिकरणाचा. बहुतेक सुरुंगग्रस्त देशांत असं एक सरकारी कार्यालय असतं: कंबोडियात सीएमएए, लाओसमध्ये एनआरए, श्रीलंकेत एनएमएसी. जिथे ते नाही किंवा नावापुरतं आहे, तिथे समन्वय बहुधा यूएनमासकडे (संयुक्त राष्ट्रांची सुरुंगविषयक सेवा) किंवा प्रोटेक्शन क्लस्टरच्या, म्हणजे नागरिकांच्या संरक्षणावर काम करणाऱ्या संस्थांच्या समन्वय मंचाच्या, सुरुंगविषयक गटाकडे असतो. तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा. प्रबोधनासाठी मान्यता लागते का? मंजूर संदेश आणि चित्रं कोणती? तुमच्या १२ गावांच्या नावावर काय नोंदलेलं आहे, म्हणजे धोक्याची क्षेत्रं, झालेले अपघात आणि त्या भागाची जबाबदारी असलेलं पथक? निघताना समन्वय बैठकीची पुढची तारीख घ्या आणि त्या बैठकीला जाऊन बसा. सगळे ऑपरेटर, म्हणजे प्रत्यक्ष सुरुंग काढणाऱ्या आणि प्रबोधन करणाऱ्या संस्था, आणि पुष्कळदा देणगीदारही, तिथे एकाच खोलीत असतात. वीस मेलने होत नाही ते त्या दोन तासांत होतं.

मान्यता साधारण दोन टप्प्यांत मिळते. आधी संस्थेची कागदपत्रं, कार्यपद्धती आणि प्रशिक्षकांची पात्रता तपासतात, मग प्रत्यक्ष सत्र बघायला येतात. यात काही महिने सहज जातात. म्हणून छोट्या संस्थेला आधीच मान्यता असलेल्या ऑपरेटरच्या छत्राखाली काम सुरू करणं सोपं पडतं.

हे ऑपरेटर म्हणजे हॅलो ट्रस्ट, मॅग, नॉर्वेजियन पीपल्स एड, डॅनिश रिफ्यूजी कौन्सिल, डॅनचर्चएड, एफएसडी, ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन अशा संस्था, शिवाय त्या देशातल्या स्वतःच्या संस्था आणि रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट. सगळ्या सगळीकडे नसतात. तुमच्या जिल्ह्यात कोण आहे हे ‘कोण, काय, कुठे’ या समन्वय तक्त्यात मिळतं. लँडमाइन मॉनिटर हा जगभरातल्या सुरुंगांच्या स्थितीचा अहवाल १९९९ पासून दरवर्षी निघतो, त्याच्या देशवार पानांवर कोण काम करतं आणि पैसा कुठून येतो हे सापडतं. आणखी एक दस्तऐवज फारसं कुणी उघडत नाही. ओटावा कराराच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सुरुंगबंदी कराराच्या, कलम ५ नुसार सदस्य देशाला सुरुंग साफ करायला १० वर्षांची मुदत असते. ती वाढवून मागणारा अर्ज जाहीर असतो, आणि याच कराराच्या सदस्य देशांनी २०१९ मध्ये मंजूर केलेल्या ओस्लो कृती आराखड्यापासून त्यात प्रबोधनाची खर्चासकट बहुवार्षिक योजना असावी अशी अपेक्षा आहे. त्या योजनेत तुमचा जिल्हा कोरा दिसला तर प्रपोजलचा पहिला परिच्छेद आयता मिळाला.

ऑपरेटरला भेटताना मदत मागायला गेल्यासारखं बसू नका. गावाची भाषा, बायकांपर्यंत पोचणाऱ्या महिला प्रशिक्षक आणि पथक गेल्यावरही गावात राहणारी माणसं यांची त्यांना सतत चणचण असते. तुमच्याकडे तेच आहे.

देणगीदाराच्या आधी ऑपरेटर का, हे नीट समजून घ्या. प्रबोधनाचा शेवट ‘कळवा’ या शब्दावर होतो. लोकांनी कळवलं आणि कुणी आलंच नाही, तर दुसऱ्यांदा ते कळवत नाहीत. वस्तू स्वतः उचलून बांधावर ठेवतात, नाहीतर विहिरीत टाकतात. वस्तू निकामी करायला येणारं पथक ठरलेलं नसताना सत्रं घेत सुटणं म्हणजे लोकांना अर्ध्या वाटेवर सोडणं.

---

हिशेबवही

तिठा यांच्या क्रमाशी सहमत. पैशाच्या बाजूचं लिहितो.

अमेरिका, युरोपियन युनियन, जर्मनी, नॉर्वे, जपान हे या क्षेत्रातले मोठे देणगीदार. त्यांच्याकडे ६ माणसांची संस्था थेट पोचणं अवघड, कारण लेखापरीक्षण आणि अहवालाचा बोजाच पेलत नाही. तिथे मोठ्या ऑपरेटरची उप-अनुदानित भागीदार, म्हणजे त्याच्या अनुदानातला काही भाग घेऊन काम करणारी संस्था, म्हणून जा. थेट अर्ज करायचाच तर वकिलातींचे छोटे निधी बघा: जपानचा तळागाळातल्या मानवी सुरक्षा प्रकल्पांचा निधी, कॅनडाचा स्थानिक उपक्रमांसाठीचा, ऑस्ट्रेलियाचा डायरेक्ट एड प्रोग्रॅम. तुमचा देश यादीत आहे का आणि यंदाचा विषय काय, हे वकिलातीच्या सूचनेत असतं. संयुक्त राष्ट्रांच्या ओचाचे (मानवतावादी मदतीचा समन्वय करणारं कार्यालय) देशनिहाय सामायिक निधी स्थानिक संस्थांना मिळतात, पण आधी क्षमता-तपासणी होते. युनिसेफसाठी यूएन पार्टनर पोर्टलवर नोंदणी करा. शाळांमधलं काम असेल तर युनिसेफ आणि शिक्षण खातं यांच्याशी एकाच वेळी बोलावं, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

एकाच देणगीदारावर उभं राहू नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली तेव्हा कितीतरी देशांत पथकं जागच्या जागी उभी राहिली.

कागदपत्रं आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा: नोंदणी, संस्थेची घटना, मागच्या २ ते ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, खरेदीचे नियम, बाल-सुरक्षा धोरण, लैंगिक शोषणाविरुद्धचं धोरण आणि तक्रार कुठे करायची याची लेखी पद्धत. शेवटच्या दोन गोष्टींवर सर्वाधिक संस्था अडकतात. धोरण उतरवून काढलेलं असतं, पण तक्रार कोण घेणार हे कर्मचाऱ्यांना सांगता येत नाही. तपासणारा नेमकं तेच विचारतो.

कॉन्सेप्ट नोट, म्हणजे पूर्ण प्रपोजलच्या आधी द्यायचा थोडक्यातला आराखडा, ३ पानांपेक्षा मोठी नको. पहिल्या पानावर गावांची यादी आणि प्रत्येक गावापुढे धोका कोणाला, कुठे, कोणत्या कामात. ‘जनजागृती करणे’ एवढंच लिहिलेली नोट बाजूला पडते. ‘पावसाळ्यानंतर गवत कापायला ओढ्यापलीकडे जाणारे पुरुष आणि १० ते १५ वयाचे गुराखी मुलगे’ असं लिहिलेली वाचली जाते.

आकडे फुगवू नका. दोन जणांचं एक पथक, त्यात एक बाई आणि एक पुरुष, अशी २ पथकं. प्रत्येकाची दिवसाला २ सत्रं, सत्रात सरासरी २० माणसं, महिन्याचे १६ दिवस क्षेत्रात. म्हणजे महिन्याला ६४ सत्रं आणि १,२८० उपस्थिती. उपस्थिती आणि माणसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीच बाई तीन सत्रांना आली तर उपस्थिती ३, माणूस १. हा फरक तुम्हीच आधी लिहिला की समोरच्याचा विश्वास बसतो. १२ गावांची लोकसंख्या ९ हजार आणि लाभार्थी १५ हजार, असले तक्ते पहिल्याच चाळणीत पडतात. पुरुष, स्त्रिया, मुलगे, मुली असे चार रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा, मागाहून वेगळे काढता येत नाहीत.

बजेटमध्ये हमखास राहून जाणाऱ्या बाबी: कर्मचारी आणि स्वयंसेवकांचा अपघात विमा, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि पेटी, साहित्याची गावात चाचणी, आधीची आणि नंतरची पाहणी, पावसात बुडणारे दिवस. आणि ओव्हरहेड, म्हणजे कार्यालय चालवण्याचा सामायिक खर्च. युरोपियन युनियनच्या अनुदानात तो बहुधा ७ टक्क्यांपर्यंत असतो. अमेरिकी सरकारी अनुदानात स्वतःचा ठरलेला दर नसलेल्या संस्थेला ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत घेता येतो. मधल्या संस्थेकडून आपला वाटा मागा. ऑफिसचं भाडं आणि हिशेबनीस तुम्हालाही आहेतच.

---

रानमाळ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी लोक धोका का पत्करतात हे पाहा, कारण भागीदार कोणता लागेल हे त्यावर ठरतं. या कामात पाच गट मानतात: ज्यांना धोका आहे हेच ठाऊक नाही, ज्यांना तो आहे हे कळतं पण वागायचं कसं ते नाही, ज्यांना चुकीची माहिती आहे, जे बेफिकीर आहेत, आणि जे सगळं जाणून नाइलाजाने जातात. पहिल्या तिघांना सत्रं आणि चित्रं उपयोगी पडतात. बेफिकिरांसाठी, म्हणजे बहुधा तरुण मुलं आणि लढाईत काम केलेले पुरुष, त्यांच्यातलाच मानाचा माणूस बोलायला हवा. नाइलाजाने जाणाऱ्याला शंभर पोस्टर दाखवूनही काही होत नाही. भंगारावर चूल पेटते त्याला सरपणाची, पाण्याची किंवा कमाईची दुसरी वाट हवी. तिथे सुरुंगवाल्या संस्थेपेक्षा शेती, पाणी किंवा रोजगाराची संस्था हा खरा भागीदार. तुमचे शेतकरी गट आहेत, त्यामुळे हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर जमेल.

भागीदार नसताना करता येण्यासारखं: गावागावांत बसून ऐकणं. कोण कुठे जातं, कोणत्या महिन्यात, कोणत्या जागा लोक आपणहून टाळतात, सापडलेल्या वस्तूंना काय म्हणतात. स्थानिक नावं जशीच्या तशी लिहून घ्या. लाओसमध्ये क्लस्टर बॉम्बमधून विखुरणाऱ्या छोट्या बॉम्बांना ‘बॉम्बी’ म्हणतात, सरकारी नाव वापरून विचारलं तर ‘तसलं काही नाही’ असं उत्तर येऊ शकतं. हे सगळं गावातल्या ओसरीवर बसून करा. ‘जागा दाखवतो’ म्हणून कुणी निघालं तरी जायचं नाही. माहिती कोणी सुरुंग पेरले या दिशेने वळली तर थांबा. जिथे तणाव बाकी आहे तिथे तसला कागद बाळगणंही तुमच्या माणसांना महागात पडेल.

आता अजिबात न करण्याच्या गोष्टी.

खरी वस्तू शिकवायला वापरायची नाही. ‘रिकामी आहे’, ‘निकामी केलेली आहे’ असं कोणीही सांगितलं तरी नाही. कवच रिकामं दिसतं, आत फ्यूज शिल्लक असू शकतो. शिवाय प्रशिक्षक हातात घेतो हे पाहून मूल शिकतं की हातात घेता येतं. मॉडेलबद्दलही सावध राहा. मॉडेल वापरायचंच तर ऑपरेटरच्या प्रशिक्षणानंतर, मुलांच्या हाती न देता, सत्रानंतर मोजून परत पेटीत.

कळवण्याबद्दल बक्षीस ठेवायचं नाही, पैसे नाहीत आणि वही-पेन्सिलही नाही. मुलं शोधायला बाहेर पडतात. शिक्षकांनाही बजावून ठेवा की ‘घरी काय सापडलंय ते सांगा’ हे वाक्य मुलांच्या कानात ‘घेऊन या’ असं उतरतं.

पांढऱ्या कागदावर चकचकीत वस्तूंची वीस चित्रं, हे पोस्टर नको. एक विशिष्ट प्रकार डोळ्यांसमोर आणा: टॉर्चच्या जाड सेलएवढं धातूचं नळकांडं आणि एका टोकाला कापडी फीत. पडताना ती फीत त्याला सरळ ठेवते. न फुटता पडलं की तीच फीत गवतातून वर डोकावते आणि मुलाला उचलायला दोरीच मिळते. चित्रात ते नळकांडं सुटं आणि स्वच्छ दाखवलं तर मूल तसंच शोधतं. दाखवायचं असेल तर गवतात अर्धं बुडालेलं, गंजलेलं, मातीचा रंग चढलेलं दाखवा. ओळख पटवून घेण्यासाठी जवळ जाण्याची गरज पडेल इतका तपशील देऊ नका. संदेश एकच: अनोळखी वस्तू, जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, आल्या वाटेने माघारी, मोठ्यांना सांगायचं.

एक फरक मात्र सत्रात स्पष्ट करा. एकटी वस्तू दूरवर दिसली तर आल्या वाटेने परत. पण आपण सुरुंगांच्या मध्येच आलो आहोत असं वाटलं, म्हणजे एकाहून जास्त वस्तू दिसल्या, स्फोट झाला, तारा दिसल्या, तर जागीच थांबायचं, पाय हलवायचा नाही, ओरडून इतरांना थांबवायचं आणि मदतीची वाट पाहायची. जखमी माणूस समोर दिसत असताना धावत जाण्याची ऊर्मी आवरणं सगळ्यांत कठीण, म्हणून हा भाग बोलून नाही, करून घ्या. मैदान साफ असल्याची खात्री असलेल्या शाळेच्या पटांगणात दोनदा करून घेतलं की लक्षात राहतं.

या सगळ्यासाठी आधार म्हणून आयमास १२.१० हे प्रबोधनाचं आंतरराष्ट्रीय मानक वाचा, ते मोफत आहे. पण संदेश अंतिम करताना देशाच्या प्राधिकरणाने मंजूर केलेलेच घ्या. शेजारच्या गावात वेगळी संस्था वेगळं सांगत असेल तर लोक आपल्या सोयीचं उचलतात.

---

पाऊलवाट

फारच उपयोगी, मनापासून आभार. एक अडचण आत्ताच आहे. तीन ठिकाणच्या वस्तू गावकऱ्यांनी स्वयंसेवकांना सांगितल्या आहेत. पथक अजून आलेलं नाही. तोपर्यंत त्या जागेवर खूण करावी का? आणि फोटो?

---

तिठा

फोटोसाठी कुणालाही पुढे पाठवू नका. आधीच कुणी लांबून काढलेला असेल तर अहवालाला जोडा, नवा मागू नका. फोटो मागितला की माणूस दोन पावलं पुढे जातोच. आणि वस्तूच्या आसपास मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायची नाही, दूर जाऊन मग फोन करायचा.

खूण करण्याबाबत: जागेभोवती फिरून दोरी बांधणं, खुंट्या ठोकणं हे पथकाचं काम. खुंटी ठोकणं म्हणजे न तपासलेल्या जमिनीवर घण मारणं. तुम्ही फक्त रोजच्या वहिवाटीच्या पायवाटेवर, ज्या ठिकाणी लोक आत वळतात तिथे, गावाला कळेल अशी खूण ठेवू शकता: फुलीत ठेवलेल्या काटक्या, दगडांची रास. प्राधिकरणाची ठरलेली पद्धत असेल तर तीच. अफगाणिस्तानात लाल रंगाचा दगड म्हणजे धोका आणि पांढरा म्हणजे साफ, हे पोराटोरांनाही कळतं. दुसरीकडे तेच रंग काहीच सांगणार नाहीत. खुणेपेक्षा जास्त उपयोग गुराख्यांना आणि त्या शेताच्या मालकाला घरी जाऊन सांगण्याचा.

अहवाल एका पानाचा करा. पाहणाऱ्याने आपल्या शब्दांत केलेलं वर्णन, पाहिल्याची तारीख, सुरक्षित खुणेपासून अंदाजे अंतर आणि दिशा, उदाहरणार्थ ‘पुलाच्या उत्तरेच्या टोकापासून सूर्य उगवतो त्या बाजूला सुमारे १५० पावलं, बाभळीच्या डावीकडे’. जीपीएस घ्यायचा तर पुलावर उभं राहून घ्या आणि ‘हा पुलाचा बिंदू आहे, वस्तूचा नाही’ असं ठळक लिहा. हे न लिहिल्यामुळे पथक चुकीच्या जागी शोधत बसतं. जमीन कशासाठी वापरतात, मुलं जातात का, गाडी कुठवर येते हेही लिहा. पथक प्राधान्य यावरून ठरवतं.

अहवाल प्राधिकरणाकडे आणि पोलिसांकडे, दोन्हीकडे द्या, पोच घ्या. एका वहीत चार तारखा लिहीत जा: गावाने सांगितलं, तुम्ही कळवलं, पोच मिळाली, पथक आलं. ज्याने सांगितलं त्याला दर आठवड्याला काय झालं ते कळवा, काही झालं नसलं तरी. तीन महिन्यांनी ही वही घेऊन समन्वय बैठकीला गेलात की भागीदार शोधायला वेगळं काही लागत नाही. कुठल्या गावाची हाक किती दिवस अनुत्तरित राहते, हे दाखवणारा कागद पथकाकडेही असेलच असं नाही.

---

हिशेबवही

त्या वहीची प्रत प्रपोजलला जोडा, गावकऱ्यांची नावं झाकून.

सामंजस्य करार होईल तेव्हा तीन कलमं लेखी घ्या. तुम्ही कळवल्यावर ऑपरेटर किती दिवसांत उत्तर देणार, यायला जमणार नसेल तर पुढे कुणाला कळवणार. गोळा केलेली माहिती कुणाची आणि कुणाला दाखवता येईल. आणि साहित्यावर कुणाचे लोगो असतील, कारण काही भागांत एखाद्या देशाचा झेंडा पाठीवर घेऊन फिरणं स्वयंसेवकाला धोक्याचं ठरतं. अशा ठिकाणी लोगोची अट माफ करून घेता येते, पण सही करण्याआधी लेखी मागावी लागते.

---

रानमाळ

पोस्टरवरच्या फोन नंबरचंही करारातच ठरवा. प्रकल्पाच्या सिमकार्डाचा नंबर छापू नका. प्रकल्प संपतो, सिम बंद होतं, पोस्टर मात्र शाळेच्या भिंतीवर आणखी सात-आठ वर्षं राहतं. प्राधिकरणाचा किंवा पोलिसांचा कायमचा नंबर छापा, आणि छपाईला पाठवण्याआधी दिवसा एकदा, रात्री एकदा आणि सुट्टीच्या दिवशी एकदा त्यावर फोन करून कोण उचलतं ते बघा.